पाण्याची परीक्षा



मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने विज्ञानशिक्षकाच्या स्मृतिव्याख्यानासाठी मत्स्यालयातील पाण्याच्या तपासणीचा विषय निवडावा, याचे आपणांपैकी अनेकांना आश्चर्य वाटले असेल. काव्यशास्त्रावर बोलणे मला सोपे गेले असते. परंतु ज्यांचे नाव या पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर आहे, त्या सरांनी मला चार वर्षे विज्ञान शिकविले आणि माझ्या प्रयोगवहीत लाल शाईने सर्वांत अधिक वेळा एकच शेरा लिहिला : ‘निरीक्षणाच्या रकान्यात अनुमान लिहू नये.’ या शेऱ्याचा अर्थ मला वयाच्या पंचाहत्तरीकडे झुकताना, घरातील एका काचेच्या टाकीसमोर उभा असताना, पुरता कळला. त्याची ही हकिगत आहे. प्रत्यक्ष व्याख्यानात वेळेअभावी सांगता न आलेले काही तपशील या लेखात घातले आहेत.

माझ्या नातवाला समुद्राचे वेड आहे. लष्करातील आमच्या जुन्या वाड्याच्या दिवाणखान्यात, जेथे माझ्या वडिलांच्या काळी गंजिफांचा डाव रंगत असे, तेथे त्याने दोन वर्षांपूर्वी दोनशे लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी मांडली. तीत विदूषक मासा नावाने ओळखल्या जाणाऱ्या नारिंगी-पांढऱ्या माशांची एक जोडी, एक कोळंबी, काही शंखवर्गीय प्राणी आणि मुख्यतः मृदू प्रवाळ आहेत. ग्वाल्हेरपासून समुद्र सर्व दिशांनी शेकडो मैल दूर. मी स्वतः असे जिवंत समुद्री प्राणी पहिल्यांदा पाहिले ते मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयात. १९५१ साली सुरू झालेले ते मत्स्यालय मरीन ड्राइव्हवर अगदी समुद्रासमोर होते. आमच्याकडे समुद्र पाकिटातून येतो. नळाचे पाणी आरओ यंत्रातून गाळून घ्यावयाचे, त्यात समुद्री मिठाचे तयार मिश्रण विरघळवावयाचे आणि एका लिटरला सुमारे पस्तीस ग्रॅम क्षार हे प्रमाण साधावयाचे, असा हा समुद्र.

गेल्या वर्षी नातवाने एक यंत्र घेण्याचे मनात आणले. टाकीतील पाणी स्वतःच काढून, त्याची रासायनिक परीक्षा करून, आकडा मोबाइलवर पाठविणारे. ‘आबा, तुमचे मत काय?’ असे त्याने विचारले, ते बहुधा सौजन्य म्हणून. मी मात्र तो प्रश्न गंभीरपणे घेतला, कारण त्याच्या मागच्याच महिन्यात त्या टाकीत माझ्या हातून एक अपराध घडला होता.

त्या अपराधाकडे येण्यापूर्वी हे यंत्र मोजते काय, ते पाहू.

प्रवाळ हा प्राणी आहे. आपल्या जुन्या भूगोलाच्या पुस्तकांत त्याला ‘प्रवाळकीटक’ म्हटलेले असे. तो कीटक नव्हे, परंतु वनस्पतीही नव्हे, एवढे तरी त्या शब्दाने मुलांना कळत होते. प्रवाळांपैकी जे कठीण प्रवाळ आहेत ते पाण्यातील कॅल्शियम आणि कार्बोनेट घेऊन आपल्या अंगाखाली चुनखडीचा सांगाडा रचतात. पिढ्यान्‌पिढ्या रचलेले असे सांगाडे म्हणजेच प्रवाळभित्ती. समुद्र अफाट असल्यामुळे या उचलीचा त्याला पत्ता लागत नाही. दोनशे लिटरच्या टाकीत मात्र तोच व्यवहार किराणा दुकानाच्या उधारीसारखा रोज वाढत जातो. कोणी भरपाई केली नाही तर पाणी चुन्याला महाग होते आणि प्रवाळाची वाढ खुंटते; पुढे तो मरतोही.

म्हणून प्रवाळ पाळणारे तीन गोष्टी मोजतात : अल्कता, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. अल्कता म्हणजे आम्ल पचविण्याची पाण्याची शक्ती. समुद्राच्या पाण्यात ती प्रामुख्याने बायकार्बोनेटमुळे येते. ती ‘जर्मन अंशां’त सांगण्याची या छंदातील रीत आहे. नैसर्गिक समुद्रात ती सुमारे सात अंश असते. टाकीत सात ते अकरा यांमधील एखादा आकडा धरून तो स्थिर राखतात. कॅल्शियम लिटरला चारशे ते साडेचारशे मिलिग्रॅम आणि मॅग्नेशियम साधारण तेराशे.

या तिघांत अल्कतेला अग्रमान का, हे थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण यंत्राची सारी मातब्बरी त्यावर उभी आहे. चुनखडी तयार होताना कॅल्शियम आणि अल्कता ठरावीक प्रमाणात खर्च होतात. लिटरमागे वीस मिलिग्रॅम कॅल्शियम गेले, तर अल्कता २.८ अंशांनी उतरते. आता, चारशे वीसमधून वीस गेले तर तो विसावा हिस्साही नाही. परंतु आठ अंशांतून २.८ गेले म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून अधिक गेले. श्रीमंताच्या आणि गरिबाच्या खिशातून एकच रक्कम जावी, तसे हे आहे. कॅल्शियमची घट परीक्षेत जेमतेम दिसू लागते तोवर अल्कता धोक्याच्या रेषेवर येऊन उभी असते. कठीण प्रवाळांनी गच्च भरलेल्या टाकीत अल्कता एका दिवसात एक अंशाने किंवा त्याहूनही अधिक उतरू शकते. तेथे आठवड्यातून एकदा परीक्षा करणे म्हणजे रविवारी एकदाच ताप पाहून आठवडाभराचे औषध ठरविणे होय.

हाताने करावयाची परीक्षा आपण सर्वांनी शाळेत केलेली आहे. तिचे नाव अनुमापन. पाण्याच्या मोजलेल्या नमुन्यात दर्शक घालावयाचा आणि पिचकारीने आम्लाचा एकेक थेंब सोडीत राहावयाचे; निळसर हिरवा रंग पालटून नारिंगी-गुलाबी झाला की थांबून किती आम्ल लागले ते पाहावयाचे. सरांच्या तासाला ब्युरेटची तोटी फिरविताना माझा हात नेहमी एक थेंब पुढे जात असे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर तर ‘नारिंगी’ आणि ‘गुलाबी’ यांची सीमारेषा माझ्यापुरती पुसल्यासारखीच झाली आहे. परंतु डोळे धड असलेल्या माणसालाही घरगुती संचाने पाव-अर्ध्या अंशाहून बारीक फरक खात्रीने सांगता येत नाही.

स्वयंचलित परीक्षक वेगळे रसायनशास्त्र जाणत नाही, हे येथे नमूद केले पाहिजे. तोही अनुमापनच करतो. एक छोटा पंप टाकीतून नमुना ओढतो, दुसरा त्यात द्रावण सोडतो, एक दिवा आणि प्रकाशसंवेदक मिळून रंगपालट पाहतात, आणि हिशेब होऊन आकडा मोबाइलवर येतो. नेपच्यून सिस्टिम्स या अमेरिकन कंपनीचे ‘ट्रायडंट’ नावाचे यंत्र रोज चार वेळा अल्कता आणि दोन वेळा कॅल्शियम व मॅग्नेशियम मोजते. त्याच्या द्रावणांचा एक संच साधारण दोन महिने पुरतो. केवळ अल्कता मोजणारी यंत्रेही आहेत. ट्रायडंट बाजारात आला तेव्हा अमेरिकेत त्याची किंमत सहाशे डॉलरच्या घरात होती आणि तो चालविण्यास त्याच कंपनीचा नियंत्रक वेगळा घ्यावा लागतो. ग्वाल्हेरात बसून हे मागवावयाचे म्हणजे आयातशुल्क, वाहतूक आणि दर दोन महिन्यांनी द्रावणांची वाट पाहणे आलेच. वापरून झालेले पाणी टाकीत परत जाता कामा नये, म्हणून त्यासाठी निराळे भांडे. नळ्या झिजतात, त्या बदलणे. आणि ज्ञात द्रावण देऊन यंत्राची जुळणी मधूनमधून तपासणे. ज्यांना यंत्र घेतले म्हणजे काम संपले असे वाटते, त्यांनी ही यादी भिंतीवर लावावी.

जुळणीचा मुद्दा लहान नाही. आमच्या दिवाणखान्यातील लंबकाचे घड्याळ कित्येक वर्षे सात मिनिटे पुढे होते. ते कधीही आठ मिनिटे पुढे गेले नाही की सहावर आले नाही; त्याचे सातत्य वाखाणण्याजोगे होते, अचूकता नव्हती. परीक्षक यंत्राचा मोठा गुण म्हणजे हे सातत्य. तेच यंत्र, तीच रीत, तोच संवेदक. त्यामुळे आज सकाळचा आकडा आणि उद्या सकाळचा आकडा यांतील फरकावर विसंबता येते. परंतु दोन्ही आकडे मिळून अर्ध्या अंशाने चुकीचे असू शकतात. काही लोक त्यापुढे जाऊन यंत्राच्या आकड्यावरून भरपाईचे द्रावण सोडणारा पंपही आपोआप चालवितात. घड्याळ सात मिनिटे पुढे असले तर माणूस स्टेशनावर लवकर पोचतो, एवढेच. येथे चुकीच्या आकड्यावर चुकीची मात्रा पडते आणि ती दिवसातून चार वेळा पडते.

आता माझा अपराध.

मे महिना होता. ग्वाल्हेरचा मे आपणांस सांगावयास नको. पारा पंचेचाळिसाच्या पुढे आणि दुपारभर लू. नातू कामानिमित्त नऊ दिवस पुण्यास गेला. जाताना त्याने टाकीवर एक चिठ्ठी चिकटवली : ‘रोज सकाळी खुणेच्या रेषेपर्यंत पाणी भरावे.’ त्या दिवसांत पाण्यावर पंखे चालू असत आणि रोज सुमारे चार लिटर पाणी उडून जाई. टाकीशेजारी दोन पिंपे होती : पांढऱ्यात आरओचे गोडे पाणी, निळ्यात मीठ मिसळून तयार केलेले समुद्राचे पाणी. कोणते भरावयाचे, हे चिठ्ठीत नव्हते. त्याला ते लिहिण्याची गरज भासली नसावी. मी साहित्याचा माणूस. समुद्रात गोडे पाणी ओतणे मला अधर्म्य वाटले. मी निळ्या पिंपातून भरीत गेलो.

विज्ञानाचा विद्यार्थी येथे हसेल, आणि त्याने हसावे. बाष्प होऊन जाते ते केवळ पाणी; मीठ टाकीतच राहते. म्हणून भरावयाचे तेही केवळ पाणी. मी रोज चार लिटर समुद्र ओतीत होतो, म्हणजे रोज एकशे चाळीस ग्रॅम जादा मीठ. चौथ्या दिवशी प्रवाळ मिटले. गुंड्यांसारखे दिसणारे झोॲन्थिड, जे रोज सकाळी दिवा लागताच फुलत, ते दिवसभर मुठी आवळून बसले. पाचव्या दिवशी मी नातवाला फोन केला. तो कामात होता. घाईने म्हणाला, ‘आबा, आधी क्षारता बघून घ्या.’

आमच्या माडीवर रसायनशास्त्राचा एक पदव्युत्तर विद्यार्थी भाड्याने राहतो, भिंडकडचा. मी त्याला बोलावून हिंदीत सांगितले की पाण्याची क्षारता पाहा. त्याने संच उघडला, थेंब मोजले आणि म्हणाला, ‘सर, क्षारीयता पौने नौ है, बिलकुल ठीक है।’ संचासोबतच्या कागदावरील मर्यादेत तो आकडा बसत होता. मी निश्चिंत झालो.

भाषेच्या प्राध्यापकाची भाषेनेच फजिती करावी, याला काय म्हणावे! मराठीत शालेय भूगोलापासून ‘सागरजलाची क्षारता’ म्हणजे खारटपणा, मिठाचे प्रमाण. हिंदीत त्यालाच ‘लवणता’ म्हणतात. आणि हिंदीतील ‘क्षारीयता’ म्हणजे आपली अल्कता. संस्कृतातील ‘क्षार’ हा शब्द दोन्ही भाषांनी घेतला. एकीने तो मिठाकडे ओढला, दुसरीने आम्लाच्या विरुद्ध बाजूस. ग्वाल्हेरच्या मराठी माणसाचे आयुष्य या दोन भाषांच्या उंबरठ्यावर जाते आणि एरवी त्यात आनंदच असतो. त्या दिवशी मात्र नातवाने मीठ विचारले आणि उत्तर अल्कतेचे आले. उत्तर खरे होते. प्रश्न बदलला होता.

सहाव्या दिवशी सकाळी कोळंबी दगडामागे पडलेली सापडली. अपृष्ठवंशीय प्राण्यांना खारटपणातील बदल माशांपेक्षा फार लवकर बाधतो, हे मला नंतर कळले. आमच्या सौभाग्यवतींनी व्हिडिओ कॉल लावला, नातवाने टाकीभोवती नजर फिरवली आणि निळ्या पिंपाची उतरलेली पातळी पाहून तो क्षणभर काहीच बोलला नाही. मग त्याने मला अपवर्तनमापक वापरावयास शिकविले : काचेवर पाण्याचा एक थेंब आणि नळीतून उजेडाकडे पाहणे. खारटपणा लिटरला एकोणचाळीस ग्रॅमच्या वर गेला होता. तो एकदम उतरविणेही घातक. म्हणून चार दिवस रोज थोडे पाणी काढून त्या जागी पांढऱ्या पिंपातील पाणी घातले. प्रवाळ वाचले. कोळंबीचा विषय नातवाने पुन्हा काढला नाही, आणि त्याचा मला अधिक त्रास झाला.

या पार्श्वभूमीवर यंत्राचा प्रश्न आला होता. नातवाचे म्हणणे असे की यंत्र असते तर हे घडले नसते. मी पहिल्यांदा उलट म्हटले : यंत्रानेही अल्कताच मोजली असती, तीच त्या विद्यार्थ्याने मोजली आणि ‘ठीक आहे’ असे सांगितले. त्यावर त्याने जे उत्तर दिले ते मी मान्य केले, कारण ते बरोबर होते. मीठ दाटले तशी अल्कताही त्याच प्रमाणात दाटली होती. आठ अंशांवरून पावणेनऊवर आली होती. विद्यार्थ्याने एकच आकडा पाहिला. यंत्राने पाच दिवसांत वीस आकडे दिले असते आणि त्यांची रेघ सतत चढती दिसली असती. मृदू प्रवाळांच्या टाकीत, काही न घालता, अल्कता चढण्याचे कारणच नाही. पुण्यात बसून त्याला ती रेघ दिसली असती. एकटा आकडा आणि आकड्यांची रांग यांत हा भेद आहे आणि यंत्राच्या बाजूचे हे सर्वांत बळकट म्हणणे आहे.

तरीही मी त्याला यंत्र घेऊ नकोस असे सांगितले. त्याची कारणे दोन.

पहिले कारण टाकीत काय आहे हे. आपल्या देशात वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली सर्व कठीण भित्तीकारक प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे यांचा समावेश झाला, म्हणजे त्यांना वाघाइतके संरक्षण मिळाले. २०२२ च्या दुरुस्तीनंतरही ते संरक्षितच आहेत. हे प्राणी दूरच्या ऑस्ट्रेलियातलेच आहेत असे नव्हे. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात ते आहेत आणि तेथे १९८७ साली सागरी अभयारण्य झाले. विजयदुर्गापासून पश्चिमेस शंभर किलोमीटरहून दूर भर समुद्रात आंग्रिया बँक नावाचे बुडालेले पठार आहे, त्यावरही प्रवाळांची वस्ती आहे. ते नाव कान्होजी आंग्र्यांवरून आले. सरदार आंग्र्यांचे घराणे ज्या शहरात नांदले त्या ग्वाल्हेरच्या माणसाला ते परके वाटू नये. सांगावयाचे ते असे की कायदा पाळणाऱ्या भारतीय घरातील टाकीत कठीण प्रवाळ नसतात. आमच्याकडे आहेत ते झोॲन्थिड, छत्रीसारखे पसरणारे डिस्कोसोमा आणि चामड्यासारखा दिसणारा सार्कोफायटन. ही नावे त्या यादीत नाहीत. दगडदेखील समुद्रातून आणलेले नाहीत, भाजलेल्या मातीचे सच्छिद्र तुकडे आहेत. मृदू प्रवाळांना सांगाड्याचे बांधकाम नाही. फार तर अंगातील सूक्ष्म काटक्यांपुरता चुना लागतो. ज्या उधारीवर नजर ठेवण्यासाठी हे यंत्र जन्मले, ती उधारी आमच्या टाकीत जवळजवळ नाहीच.

हे मी अंदाजाने म्हणत नाही. नातवाची वही मी मागून घेतली. मे महिन्यातील तो प्रसंग वगळता, आठ सलग रविवारच्या नोंदींत अल्कता ७.७ आणि ८.३ यांच्या मध्ये फिरत होती. ही हालचाल खरी की हाताच्या थेंबाची, हे सांगता येऊ नये इतकी ती लहान आहे. शिवाय दर आठवड्यास वीस लिटर पाणी बदलले जाते आणि त्यातून होणारी भरपाई पुरेशी ठरते. जी गोष्ट आठवड्यात हलत नाही ती दिवसातून चार वेळा मोजून हाती काय लागणार? पेरलेले बी रोज उकरून पाहणाऱ्या मुलाच्या हाती लागते तेवढेच.

दुसरे कारण टाकी कोठे आहे हे. ग्वाल्हेरच्या टाकीचे शत्रू दोन : उष्णता आणि बाष्पीभवन. हे यंत्र मुळात त्यांच्यासाठी नाही. तापमान मोजण्याची सोय त्याच्या सोबतच्या नियंत्रकात असते हे खरे. पण मग तापमापकासाठी परीक्षक घ्यावयाचा काय? उष्णतेची गोष्ट किती मोठी आहे ते समुद्रानेच दाखविले आहे. १९९८ साली लक्षद्वीपचे प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडून मेले. नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानाहून पाणी एखादा अंश अधिक तापून आठवडेच्या आठवडे तसेच राहिले, तर प्रवाळ आपल्या पेशींत राहणारे, त्यांना अन्न पुरविणारे शैवाल बाहेर टाकतात. त्याला विरंजन म्हणतात. २०१० आणि २०१६ साली तेच पुन्हा झाले. त्या समुद्रात कोणी अल्कता मोजली असती तर तीत खोट काढण्याजोगे काही सापडले नसते.

स्वयंचलित यंत्रणेचे ग्वाल्हेरला नावीन्य नाही, ही गोष्ट मी नातवाला सांगितली तेव्हा त्याला ती ठाऊक नव्हती. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्याच्या सेवेत असताना त्यांनी धरणाच्या सांडव्यासाठी स्वयंचलित दरवाजे शोधले. पाण्याची पातळी ठरलेल्या रेषेवर गेली की ते आपोआप उघडत आणि उतरली की मिटत. १९०३ साली ते पुण्याजवळ खडकवासल्यास बसले आणि त्यांचे यश पाहून पुढे आपल्या तिघऱ्याच्या धरणावरही तीच पद्धत आली. तिघऱ्याचे पाणी मोतीझीलला शुद्ध होऊन या शहरास मिळते. आमच्या टाकीतील समुद्रही शेवटी त्याच पाण्याचा. पण त्याच तिघऱ्याची दुसरी आठवणही आहे. सांक नदीवर १९१६ साली उभे राहिलेले ते धरण १९१७ च्या ऑगस्टमध्ये फुटले आणि खालच्या गावांत फार मोठी प्राणहानी झाली. पायाखालच्या वालुकाश्मात पाणी झिरपले होते. पातळी राखणारी यंत्रणा कितीही चोख असो, पायात झिरपणारे पाणी तिच्या कक्षेत येत नाही. त्यात यंत्रणेचा दोष नाही; पायाची चौकशी निराळी करावी लागते.

‘मग तुमचे म्हणणे यंत्रच नको?’ असे नातवाने विचारले. तसे नाही. ज्यांच्याकडे परवान्याने कठीण प्रवाळ आहेत अशा संशोधनसंस्था आणि सार्वजनिक मत्स्यालये यांना असा परीक्षक उपयोगाचा आहे. परदेशात जेथे टाकीत वाढविलेले कठीण प्रवाळ कायद्याने मिळतात, तेथे टाकी भरलेली असेल आणि मालक आठवड्यातून चार दिवस बाहेर असेल, तर मीच त्याला घे म्हणेन. फक्त महिन्यातून एकदा हाताने परीक्षा करून यंत्राशी ताडून पाहा, हेही सांगेन. ज्याला रंग नीट दिसत नाहीत त्याच्यासाठी मधला मार्ग आहे : मुठीत मावणारा प्रकाशमापक, हॅना वगैरे कंपन्यांचा, ज्यात रंग डोळ्याऐवजी संवेदक पाहतो आणि आकडा पडद्यावर येतो. त्याची किंमत काही हजारांत भागते. नातवाने तो घेतला आहे, आणि मला वाटते माझ्याचसाठी घेतला आहे.

उरलेल्या पैशांतून काय केले ते सांगतो. पहिली वस्तू पाण्याच्या पातळीवर चालणारी भरणी. टाकीत एक तरंगता खटका आहे. पातळी बोटभर उतरली की पांढऱ्या पिंपातून गोडे पाणी आपोआप येते आणि रेषेवर थांबते. विश्वेश्वरय्यांच्या दरवाजाचे हे अगदी धाकटे भावंड. खटका अडकला तर टाकी गोड होत जाईल, म्हणून पिंपात एका वेळी आठ लिटरच ठेवतो. चुकलाच तर तेवढेच चुकेल. दुसरी, तापमान अठ्ठावीसच्या वर गेले की मोबाइलवर सूचना देणारा तापमापक. तिसरी, वीज गेल्यावर निदान पंप आणि हवा चालू ठेवणारी बॅटरी. निळ्या पिंपावर आता मोठ्या अक्षरांत ‘खारे : भरण्यासाठी नव्हे’ असे लिहिले आहे, आणि त्याखाली, विद्यार्थ्यासाठी, हिंदीत.

वहीही बदलली. नव्या वहीला मी सरांच्या पद्धतीने दोन रकाने आखून दिले : निरीक्षण आणि अनुमान. ‘पावणेनऊ’ हे पहिल्या रकान्यात; ‘ठीक आहे’ हे दुसऱ्यात, आणि त्यापुढे ‘कशावरून’ लिहिल्याखेरीज ओळ पुरी धरावयाची नाही. शीर्षकांत ‘क्षारता’ हा शब्द आम्ही वर्ज्य केला आहे. एका स्तंभावर ‘लवणता’ आहे, दुसऱ्यावर ‘अल्कता’, म्हणजे हिंदी आणि मराठी दोन्ही वाचणाऱ्यांचा गोंधळ टळावा. मराठीतील शुद्धिवाद्यांनी पहिल्या शब्दाबद्दल मला क्षमा करावी. शेवटच्या पानावर नातवाने स्वतःहून एक अट लिहिली आहे : लागोपाठच्या दोन रविवारांत अल्कता अर्ध्या अंशाहून अधिक उतरली, आणि पुढच्या रविवारीही तेच झाले, तर यंत्राचा विचार पुन्हा करावयाचा. मला ती अट मान्य आहे आणि मी तीखाली सही केली आहे.

दर रविवारी सकाळी चहानंतर आम्ही दोघे टाकीपाशी बसतो. नमुना तो घेतो, आकडा मी लिहितो. गेल्या रविवारी तो ७.९ होता.